झाकणाखालचं काम

(गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दोस्तांनो, आपल्या कार्यक्रमांत शिक्षण, आरक्षण, कौटुंबिक कायदा, संविधान असे विषय असतात. ते असायलाच हवेत. पण आज समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या नखांत ग्रीस आहे. उद्या सकाळी तुम्ही कुणाच्या तरी गाडीचं बोनेट उघडणार आहात. म्हणून आज मी एका रबरी पट्ट्याबद्दल बोलणार आहे. इंजिनाचा टायमिंग बेल्ट, आणि तो झटपट बदलण्यासाठी आपल्या धंद्यात चालणाऱ्या युक्त्या.

काही जण मनात म्हणत असतील, सामाजिक चळवळीच्या व्यासपीठावर बेल्टचं काय काम? सांगतो. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान कामगार कोणत्या धंद्यांत जास्त आहेत हे सांगताना त्यात तंबाखू, कापड आणि किरकोळ व्यापाराच्या जोडीला मोटारगाड्यांची दुरुस्ती आणि रस्त्यावरची वाहतूकही आली. पगारी नोकरीत आपण कमी आणि स्वतःच्या हातावर पोट असलेले जास्त, हेही त्यात होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर मारा, पुण्याच्या नाना पेठेत जा किंवा आपल्या गावाच्या बायपासला उभे राहा. हा अहवाल तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. म्हणून गॅरेजमध्ये काम कसं होतं, हा आपल्या समाजाच्या रोजीचा, इज्जतीचा आणि कधी कधी हातापायांचा प्रश्न आहे.

पट्टा करतो काय?

जे शिकाऊ आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या मिस्त्रींनी दोन मिनिटं सहन करावं.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि पिस्टन वर-खाली करतो. वर कॅमशाफ्ट फिरतो आणि वॉल्व उघडतो, मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, आणि तोही नेमक्या जागी. ही जोडणी कुणी गिअरने करतो, कुणी साखळीने, कुणी दातेरी पट्ट्याने. पट्ट्याची पद्धत मोटारीत आली १९६२ मध्ये, जर्मनीच्या ग्लास १००४ या गाडीत. पट्टा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा, म्हणून तो जगभर पसरला. आपल्याकडे जुनी मारुती ८००, डिझेल इंडिका, पहिली सँट्रो, डिझेल डस्टर या गाड्यांवर तुमच्यापैकी अनेकांनी हात साफ केलेला असेल. त्या सगळ्या पट्ट्यावर चालतात.

आता एक हिशेब करा. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चाललंय. म्हणजे क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो आणि कॅम २५. प्रत्येक वॉल्व एका सेकंदात २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पुष्कळ इंजिनांत जागा इतकी कमी असते की उघडा वॉल्व आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात. ते एकमेकांना शिवत नाहीत ते फक्त वेळ सांभाळली जाते म्हणून. पट्टा तुटला किंवा काही दाते सरकला, की पिस्टन वॉल्ववर आदळतो. वॉल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी पिस्टनही जातो.

हे झालं इंजिनाचं. गाडीत बसलेल्या माणसांचं काय? इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंगची मदत जाते आणि चाक एकदम जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा पाय दाबेपर्यंत पुरतो, त्यानंतर पॅडल दगडासारखं होतं. हे सिग्नलला झालं तर ढकलून गाडी बाजूला घेता येईल. कसाऱ्याच्या नाहीतर खंबाटकीच्या घाटात, मागे भरलेला ट्रक आणि गाडीत लहान मुलं असताना झालं तर? आपण गॅरेजात वाचवलेल्या वीस मिनिटांची किंमत तिथे कुणीतरी मोजतं.

युक्त्यांची यादी

आता युक्त्यांकडे येऊ. या मी ऐकीव सांगत नाही. तुम्ही पाहिल्या आहेत, काहींनी केल्याही असतील. मी कुणाला नाव ठेवायला आलो नाही. प्रत्येक युक्तीत नेमकं काय वगळलं जातं, एवढंच आपण पाहू.

पहिली आणि सगळ्यात प्रसिद्ध युक्ती म्हणजे अर्धा पट्टा कापण्याची. जुना पट्टा जागेवर असतानाच ब्लेडने त्याच्या रुंदीचे दोन भाग करायचे. बाहेरचा अर्धा भाग काढून टाकायचा. आतला अर्धा टायमिंग धरून ठेवतो. नवा पट्टा अर्ध्यापर्यंत पुलींवर सरकवायचा, मग आतला जुना भाग कापून नवा पूर्ण आत ढकलायचा. खुणा जुळवणं नाही, पिन लावणं नाही. पाहणारा म्हणतो, वा उस्ताद!

कबूल करतो, युक्ती हुशारीची आहे. आणि बऱ्याचदा गाडी चालूही होते. म्हणूनच ती धोक्याची आहे. पहिलं म्हणजे जुनं टायमिंग बरोबर होतं हे आपण गृहीत धरलं. मागच्या माणसाने एक दाता चुकवला असेल, तर तीच चूक आपण नव्या पट्ट्यावर चढवली. दुसरं, पट्ट्याच्या आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, त्याची सगळी ताकद त्या दोऱ्यांत असते. टेन्शनर नीट ढिला न करता पट्टा जोर लावून चढवला की या दोऱ्यांना आतून इजा होते. वरून रबर नवंकोरं दिसतं. तिसरं, कापताना ब्लेड घसरून पुलीच्या धातूला लागतं, तिथे धार उभी राहते आणि तीच धार नवा पट्टा खात राहते. आणि चौथं, सगळ्यात मोठं. पट्टा बदलायचा म्हणजे फक्त पट्टा बदलायचा नसतो. टेन्शनर, आयडलर आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. त्यांच्या बेअरिंगचं वय पट्ट्याएवढंच झालेलं असतं. क्रँक आणि कॅमच्या सीलमधून तेल गळतंय का, हेही याच वेळी दिसतं. अर्धा पट्टा कापणाऱ्याला यातलं काही बघायचंच नसतं. उद्या जुन्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं, की नवा पट्टा त्याच्याबरोबर गेला.

दुसरी युक्ती व्हाइटनरची. कंपनीच्या खुणा आणि लॉकिंग पिना सोडून पट्ट्यावर आणि पुल्यांवर पांढरे ठिपके मारायचे, दाते मोजायचे, नवा पट्टा तसाच बसवायचा. ठिपके मदतीला असावेत, मी स्वतः ते मारायला सांगतो. पण पिनेच्या ऐवजी ठिपका चालत नाही. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीला चावीच नसते. ती फक्त बोल्टच्या दाबाने धरलेली असते. बोल्ट ढिला केला की पुली फिरू शकते, आणि तुमचा ठिपका तिच्यासोबत फिरतो. ठिपक्याला ठिपका जुळतो आणि टायमिंग चुकलेलं असतं. क्रँकच्या पुलीला समजा २० दाते आहेत. तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडी कदाचित चालू होईल, पण ओढणार नाही, ॲव्हरेज देणार नाही, इंजिनाचा दिवा लागेल. ग्राहक महिनाभर इंजेक्टर साफ करत फिरेल.

पिनेचा उलटा वापरही होतो. पिन लावायची आणि तिच्याच आधाराने क्रँकचा बोल्ट सोडवायचा. पिन जागा दाखवण्यासाठी असते, तो जोर झेलण्यासाठी नसते. पिन वाकते किंवा आत तुटते. पुली धरायला वेगळं हत्यार लागतं. ते वापरा.

तिसरी युक्ती स्टार्टरची. क्रँकचा बोल्ट निघत नाही, म्हणून त्यावर सॉकेट आणि लांब दांडा लावायचा, दांडा चेसीला टेकवायचा आणि एकाने चावी मारायची. स्टार्टरच्या झटक्याने बोल्ट सुटतो. दांडा निसटला तर तो कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. तिथे वाकून बघणारा बहुतेक वेळा गॅरेजमधला सगळ्यात लहान मुलगा असतो. काही इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तिथे बोल्ट सुटण्याऐवजी आणखी आवळतो. आणि इंजिन पेटलं तर दांडा अंगावर आलाच म्हणून समजा.

चौथी युक्ती बाहेरच्या पट्ट्याची, म्हणजे अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टीअरिंग चालवणाऱ्या बेल्टची. टेन्शनर ढिला करायला हात पोचत नाही, म्हणून पेचकसाने पट्टा पुलीच्या काठावर चढवायचा आणि एकाने हळूच स्टार्टर मारायचा. पट्टा स्वतःच चढतो. त्याच्याबरोबर बोटही पुलीत जातं. पुली आणि पट्टा यांच्यात सापडलेलं बोट मागे खेचता येत नाही, कारण चावी दुसऱ्याच्या हातात असते. काही नव्या गाड्यांत ताणून बसवायचे पट्टे असतात हे खरं, पण त्यांच्यासाठी वेगळं हत्यार येतं आणि इंजिन हाताने पान्याने फिरवायचं असतं.

बाकीच्या युक्त्या भराभर सांगतो. चिरचिर आवाज बंद करायला पट्ट्यावर साबण, मेण किंवा तेलाचा स्प्रे मारणं. आवाज काही वेळ जातो, तेलाने रबर फुगतं, आणि आवाजाचं खरं कारण तसंच राहतं. नवा पट्टा खिशात कोंबणं, दुमडून टाकणं. त्याने आतल्या दोऱ्या मोडतात. एकदाच वापरायचा बोल्ट पुन्हा लावणं. इंजिनाचं माउंटिंग काढल्यावर ऑइल पॅनखाली नुसता जॅक लावून इंजिन तोलणं. टॉर्क रेंच न वापरता हाताच्या अंदाजाने आवळणं. टेन्शनरचा काटा न बघता पट्टा बोटांनी पिळून ताण ठरवणं. जुन्या काही गाड्यांत ती पद्धत चालायची, पण आजच्या स्वयंचलित टेन्शनरला खूण असते आणि काटा त्या खुणेवरच यावा लागतो. पट्टा जास्त ताणला तर पंपाचं बेअरिंग जातं, ढिला राहिला तर दाता उडी मारतो.

आणि शेवटची, सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग. काम झाल्यावर इंजिन हाताने न फिरवता थेट चावी मारणं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिनाच्या चालण्याच्या दिशेने, सावकाश पूर्ण दोन फेरे द्यायचे आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचं. कुठे अडलं तर थांबायचं. हाताने फिरवताना वॉल्व पिस्टनला टेकला तर हाताला कळतं. स्टार्टरने फिरवलं तर वॉल्व वाकल्यावर कळतं. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. तुम्ही आजच्या भाषणातून एकच गोष्ट नेणार असाल, तर हे दोन फेरे न्या.

सगळीच युक्ती वाईट का?

नाही. आपल्या धंद्यात हुनर आहे, आणि हुनर म्हणजेच कमी साधनांत वाट काढणं. अरुंद जागेत हात जावा म्हणून पाना तापवून वाकवणारा, कंपनीचं महागडं हत्यार परवडत नाही म्हणून लेथवाल्याकडून मापात पिन करून घेणारा, त्यांना मी सलाम करतो. मग फरक कसा ओळखायचा? मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला, या युक्तीने नुसती मेहनत वाचते की एखादी तपासणी गळते? मेहनत वाचत असेल तर चांगलंच. तपासणी गळत असेल तर थांबा.

दुसरा, चुकलं तर कुणाचं नुकसान होणार? माझा वेळ जाणार असेल तर तो माझा प्रश्न. शागिर्दाचं बोट किंवा ग्राहकाचा जीव जाणार असेल, तर ते ठरवण्याचा हक्क मला नाही.

तिसरा, मी हे ग्राहकाला तोंडावर सांगू शकतो का? “साहेब, मी जुना पट्टा अर्धा कापून नवा सरकवलाय, टेन्शनर तपासला नाही, टायमिंगही तपासलं नाही, पैसे मात्र पूर्ण कामाचे द्या.” हे वाक्य जिभेवर येत नसेल, तर उत्तर तुम्हाला मिळालं.

हा तिसरा प्रश्न माझा नाही. हदीसमध्ये बाजारातला एक प्रसंग आहे, तुम्हाला माहीत असेल. पैगंबर धान्याच्या एका ढिगाजवळ थांबतात, आत हात घालतात, तर बोटांना ओल लागते. वर कोरडं, खाली भिजलेलं. विक्रेता म्हणतो, पाऊस पडला होता. त्यावर त्याला विचारलं जातं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, असं तिथे स्पष्ट बजावलं जातं. बघा, धान्य भिजलं हा गुन्हा नव्हता. झाकलं हा होता. आपल्या धंद्यात तर झाकण अक्षरशः असतं. टायमिंग कव्हर काळ्या प्लॅस्टिकचं, चार-सहा बोल्टचं. ते लावलं की आत काय केलंय हे ग्राहकाला आयुष्यात दिसणार नाही. कुराणातल्या अल-मुतफ्फिफीन या सूरेत माप मारणाऱ्यांना ताकीद आहे. आपण ती किराणा दुकानदाराला लागू करतो. पूर्ण पैसे घेऊन अर्धं काम करणं हे माप मारणं नाही तर काय आहे?

आणि जे मित्र धर्माच्या भाषेत विचार करत नाहीत, त्यांच्यासाठी संविधान आहे. कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टी आणि चिकित्सक वृत्ती वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. आपण हे वाक्य अंधश्रद्धेच्या संदर्भात वापरतो. पण “उस्ताद असंच करतात, म्हणून बरोबर” ही पण अंधश्रद्धाच आहे. टॉर्क रेंच म्हणजे खिशात मावणारी चिकित्सक वृत्ती. तो कुणाचा धर्म विचारत नाही, कुणाचं वय विचारत नाही. आकडा सांगतो.

घाई कुणाची?

आता मिस्त्रीलाच दोष देऊन मी मोकळा झालो, तर ते खोटं होईल. ही घाई येते कुठून?

कामाचे पैसे नगावर मिळतात. बेल्ट बदलला की ठरलेली रक्कम, मग दोन तास लागोत की पाच. जो पाच तास लावतो तो त्याच दिवशी दुसरी गाडी घेऊ शकत नाही. नियमाने चालणाऱ्याला शिक्षा आणि युक्ती करणाऱ्याला बक्षीस, अशी ही रचना आहे. त्यात ग्राहक म्हणतो, “शेजारचा निम्म्या पैशात करतो.” तो ग्राहक कोण? आपणच. या सभागृहात जे मिस्त्री नाहीत, रिक्षा-टॅक्सी चालवतात, ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनीही ऐकावं. टायमिंगच्या कामात घासाघीस करून तुम्ही जे पैसे वाचवता ते टेन्शनरमधून किंवा तपासणीतून वजा होतात. उलट विचारा, पट्ट्याबरोबर काय काय बदललं? जुने पार्ट दाखवा. मजुरी एकदाच लागते. झाकण उघडलेलंच आहे, तेव्हा टेन्शनर, आयडलर आणि गरज असेल तर पंप याच वेळी बदलणं शेवटी स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट उस्ताद-शागिर्द परंपरेची. ती आपली ताकद आहे. शाळेने ज्याला नापास केलं त्याला उस्तादने कामाचं केलं, अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. पण तिच्यात एक उणीव आहे. शागिर्दाने “का?” विचारायचं नसतं. विचारलं तर पान्याचा फटका. मग युक्ती पुढच्या पिढीत जाते, तिचं कारण जात नाही. उस्तादच्या वेळची गाडी वेगळी होती. आज काही इंजिनांत पट्टा तेलात बुडालेला असतो. तिथे चुकीचं तेल घातलं तरी पट्ट्याचं रबर सुटतं आणि तेलाची जाळी बंद होते. हे जुन्या अनुभवातून कळणार नाही. ते वाचावंच लागेल.

आपण अभिमानाने सांगतो की यंत्रविद्येत मुसलमानांनी केवढं काम केलं. अल-जझरीने १२०६ मध्ये यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला, ५० यंत्रं वर्णन केली, पाणी उपसण्याच्या त्याच्या यंत्रात क्रँकही आहे. खरं आहे. पण त्याच्यापासून शिकायचं काय? त्याने आपली विद्या मनात कोंडून ठेवली नाही. भाग, मापं, जोडणीचा क्रम, सगळं आकृत्यांसह लिहून ठेवलं. आपण त्याचं नाव घेतो आणि गाडीवर कितव्या किलोमीटरला पट्टा बदलला हेही लिहीत नाही.

मग करायचं काय?

मोठ्या गोष्टी सांगत नाही. उद्यापासून जमतील अशा सांगतो.

प्रत्येक बेल्टच्या कामाला एक कागद ठेवा. मराठीत, हिंदीत, उर्दूत, जसं जमेल तसं. तारीख, किलोमीटर, कोणते भाग बदलले, कोणते बदलले नाहीत आणि का. ग्राहकाने टेन्शनर नको म्हटलं तर ते लिहून त्याची सही घ्या. एक छोटा स्टिकर बोनेटच्या आत लावा. झाकण लावण्यापूर्वी जुळलेल्या खुणांचा मोबाइलवर फोटो काढून ग्राहकाला पाठवा. म्हणजे झाकणाखालचं काम झाकलेलं राहिलं नाही. यात तुमचंही संरक्षण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीचं काम ही सेवा आहे आणि सेवेतली त्रुटी ही तक्रारीची गोष्ट आहे. भांडण झालं तर ज्याच्याकडे कागद आहे तो उभा राहतो.

हत्यारं महाग आहेत, मान्य. एका गल्लीतल्या चार गॅरेजांनी मिळून एक चांगला टॉर्क रेंच आणि नेहमीच्या गाड्यांचे लॉकिंग सेट घेतले तर? आपण वर्गणी काढून किती गोष्टी करतो. ही त्याच सवयीने होणारी गोष्ट आहे. मोहल्ल्यात ग्रंथालय असतं, तशी हत्यारांची पेटी असू द्या.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. ज्याचा हात पुलीत, त्याच्याच खिशात चावी, हा नियम करा. जॅकवर गाडी असेल तर खाली स्टँड हवाच. सैल बाही, गळ्यातला रुमाल, हातातलं कडं नको.

आणि लहान मुलांबद्दल स्पष्ट बोलतो. १४ वर्षांखालच्या मुलाला शाळा सोडवून कामाला ठेवणं गुन्हा आहे. “गरीब आहे, शिकेल काहीतरी” असं म्हणून आपण त्याचं भलं करतोय असं वाटतं. त्याला शाळेत राहू द्या, मग आयटीआयला पाठवा. मोटर मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा आहे. वयात आलेला कामगार असेल तर त्यालाही हक्क आहेत. कामावर इजा झाली तर मालकाकडून भरपाईचा हक्क या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे. बोट गेल्यावर हजार-दोन हजार हातात देऊन घरी पाठवणं म्हणजे मेहरबानी नव्हे.

जे वर्षानुवर्षं काम करतायत पण कागद नाही, त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन चौकशी करा. हा कागद का हवा? कारण धंदा बदलतोय. विजेच्या गाडीत टायमिंग बेल्टच नाही. वॉल्व नाहीत, कॅम नाही. तिथे शेकडो व्होल्टची बॅटरी आहे. अर्धा पट्टा कापणाऱ्याला दुसरी संधी मिळते, वॉल्व बदलता येतात. नारिंगी केबलला अंदाजाने हात लावणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही. आज बेल्टच्या कामात मोजायची, वाचायची, तपासायची सवय लागली, तर त्या गाड्याही आपल्याच गॅरेजात येतील. नाही लागली, तर आपल्या पोरांच्या हातात फक्त टायर आणि वॉशिंग राहील.

बहिणींनाही सांगतो, त्या धंद्यात ताकदीपेक्षा मोजमापाला किंमत आहे. आयटीआयचे दरवाजे तुमच्यासाठीही उघडे आहेत. घरच्यांनी अडवलं तर आम्हाला बोलवा, आम्ही समजवायला येऊ.

शेवटचं. आपल्याविषयी बाहेर लोक काय काय बोलतात, ते आपल्याला रोज ऐकावं लागतं. त्याला भाषणाने उत्तर द्यावं लागतं, तिथे देऊच. पण अनोळखी माणूस आपली गाडी, आपली बायकामुलं ज्यात बसणार ती गाडी, चावीसकट आपल्या हातात देतो, तेव्हा त्याने आपल्यावर भरवसा टाकलेला असतो. तो नाव विचारत नाही, “काम नीट करतात” एवढं ऐकून येतो. ही कमाई आपल्या आधीच्या मिस्त्रींनी पन्नास-साठ वर्षं उन्हात उभं राहून केली आहे. ती अमानत आहे. वीस मिनिटांसाठी ती मोडू नका.

झाकण लावण्याआधी दोन फेरे हाताने फिरवा. खुणा जुळल्या का पाहा. मगच चावी मारा.